अपीलवाले काशप्पा

औरादच्या सरकारी दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा म्हैसूर राज्याचं कर्नाटक होऊन फार दिवस झाले नव्हते. मी मूळची उदगीरची, त्यामुळं औराद मला परकं वाटलं नाही. भाषा तीच, ज्वारीची भाकरी तीच, शिव्याही त्याच. फक्त राज्य वेगळं आणि सरकारी कागद कानडीत. आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र दवाखान्याचं रूप पालटायचं. सकाळी ताप, खोकला, लेकरांची पोटं. दुपारनंतर फुटलेली डोकी, सुजलेले ओठ, पाठीवर उठलेले वळ. प्रत्येक फुटक्या डोक्यामागं एक पोलीस आणि त्याच्या हातात चिठ्ठी. जखम किती लांब, किती खोल, कशानं झाली असावी, आणि शेवटी ती 'साधी' की 'गंभीर', एवढं लिहून मी सही करायची.

अशाच एका बाजाराच्या दिवशी पेशंटच्या बाकावर एक गृहस्थ येऊन बसले. धोतर, वरून काळा कोट, कपाळावर विभूतीचे पट्टे, पन्नाशीच्या अलीकडचं-पलीकडचं वय. आपला नंबर येईपर्यंत ते निवांत बसून राहिले. आत आल्यावर मी विचारलं, "काय होतंय?"

"मला काही होत न्हाई. मी काशप्पा वकील, बिदरचा. तुम्हाला एक विचारायचं होतं. हे 'साधी' लिवताना तुम्ही काय बघता?"

मी कॉलेजात पाठ केलेलं सांगितलं. हाड मोडलं, दात पडला, डोळा गेला, कान गेला, माणसानं बरेच दिवस अंथरूण धरलं तर गंभीर. बाकी सगळी साधी. ते मान हलवत ऐकत होते. जणू हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

"आन् एखाद्याला भर बाजारात चपलेनं मारलं, वळसुद्धा उठला न्हाई, तर?"

"तर साधीच. खरं म्हणजे लिहिण्यासारखी जखमच नाही."

"व्हय. कायद्यात तसंच हाय," ते म्हणाले. "मला वाटलं, डॉक्टर लोकांकडं त्येला काही येगळा शब्द असंल."

नमस्कार करून ते निघूनही गेले. कंपाउंडर हसत होता. म्हणाला, "बाई, त्ये अपीलवाले काशप्पा. मारामारीत शिक्षा झालेल्या मानसाचं अपील करत्यात. दुसरं काई करत न्हाईत."

हे अगदी खरं नव्हतं. पोट भरण्यासाठी ते खरेदीखतं करायचे, वाटण्यांचे दावे चालवायचे, कधी खालच्या कोर्टातही उभे राहायचे. पण जीव अडकलेला तो तिथंच. बिदरचे मोठे वकील जमिनीचे आणि खुनाचे खटले घ्यायचे. थोबाडीत मारली, काठी घातली, ढकललं, असल्या खटल्यांत शिक्षा झालेली माणसं मैलूरला काशप्पांच्या दारात येऊन बसायची. मैलूर म्हणजे बिदर शहराचीच वस्ती, पण तेव्हा मधे मोकळी रानं होती. काशप्पा म्हणायचे, "खुनाच्या मुलजिमाला वकील मिळतो. जमिनीला तर दोन-दोन मिळतात. पण हात उचलला म्हणून ज्याला जुर्माना झाला त्येला सगळे एकच सांगतात, भर आन् घरी जा. बरोबर झाला का, ते कुणी बघत न्हाई."

मुलजिम, जुर्माना, फैसला हे त्यांचे शब्द. वकिली ते हैदराबादेत उर्दूतून शिकले होते. मग राज्य बदललं, कोर्टाची भाषा बदलली, तेही बदलले. न्यायाधीशांशी इंग्रजी, बायकोशी कानडी, अशिलाशी मराठी, म्हाताऱ्या मुन्शींशी दखनी. जेवताना मात्र कुठल्याच भाषेत बोलायचे नाहीत. ताटावर बसलं की वकील गप्प, आणि त्यांच्या बायको गुरम्मा दिवसभराचं साठलेलं तेवढ्यात बोलून घ्यायच्या.

साक्षीसाठी मला बिदरला वरचेवर जावं लागायचं. कोर्टात उन्हात ताटकळलेली पाहून काशप्पांनी एकदा, "घरी चला, गुरम्मानं भाकरी टाकल्यात," असं म्हटलं आणि मी गेले. अंगणात एक धिप्पाड शेतकरी वाट बघत बसला होता; काशप्पा घाईनं पुढं झाले, त्याला हात उगारायला सांगितलं आणि त्याच्यासमोर गाल पुढं करून उभे राहिले.

"मार," काशप्पा म्हणाले.

"अप्पा, तुमाला कसं मारू?"

"त्येला कसं मारलास, तसं मार."

ओसरीवरून गुरम्मा ओरडल्या, "आधी कोट काढा!" त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला, धोतराचा सोगा खोचला आणि पुन्हा गाल पुढं केला. ही त्यांची पद्धत होती. कोणी अपील घेऊन आलं की ते निकालाची नक्कल बाजूला ठेवायचे आणि भांडण अंगणात करून दाखवायला सांगायचे. मार खाणारा म्हणून स्वतः उभे राहायचे. त्या शेतकऱ्यानं डोळे मिटून हात फिरवला, तो असा बसला की काशप्पा झेंडूच्या वाफ्यात पडले. शेतकरी गुडघ्यावर येऊन माफी मागायला लागला. काशप्पा मात्र गाल चोळत, उत्सुक चेहऱ्यानं उठले.

"एवढ्या जोरात? आन् कोर्टात काय सांगितलास, हात लागला म्हणून?"

शेतकऱ्यानं मान खाली घातली.

"हे बघ, तू मारलास. शिक्षा कायम राहणार, त्येच्यावर मी एक शब्द बोलणार न्हाई. जुर्माना जास्त झालाय का, तेवढं बघू. चालंल?"

"चालंल, अप्पा."

एवढा एकच नेम त्यांचा. जो अंगणात खरं दाखवायचा त्याच्यासाठी ते वरच्या कोर्टात जीव तोडून बोलायचे. जो अंगणातही खोटं खेळायचा त्याला चहा पाजून परत पाठवायचे. मी एकदा विचारलं, "अप्पा, हे सगळं कशाला? मोठे खटले का घेत नाही?" त्यांनी थोडा विचार केला. "मोठ्या खटल्यात जज्ज जागा असतो, डॉक्टरबाई. असल्या खटल्यात त्येला जागं ठेवायला कुणीतरी लागतंय." मैलूरची माणसं याची वेगळी कारणं सांगायची. कोणी म्हणे, निजामाच्या काळात त्यांच्या वडलांना चावडीवर मारलं होतं. कोणी म्हणे, खुद्द काशप्पांनी तरुणपणी कुणाला तरी मारलं होतं आणि निमूट दंड भरला होता. गुरम्मांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "लग्न झालं तवापासनं असंच हाईत. आदी कसं होते, ते मला कामून विचारायलाव?"

त्यांच्या सगळ्या खटल्यांमधला एक मी जवळून पाहिला. चिंताकीच्या गयाबाईचा.

चिंताकी हे औराद तालुक्यातलं गाव. गयाबाईच्या सासऱ्यानं छपन्न सालानंतर बौद्ध धम्म घेतला होता. नवरा हैदराबादेत कामाला, आणि घरचं थोडं रान गयाबाई एकटी कसायची. त्या वर्षी ती बाजारात मूग घेऊन आली. आडत दुकानातल्या नागनाथ नावाच्या माणसानं मूग ओला आहे म्हणून पोतं लाथेनं सरकवलं. मूग मातीत सांडला. ती म्हणाली, "उचल." तो जातीवरून काहीतरी बोलला आणि त्यानं तिला ढकललं. ती पडली, उठली, आणि मापाचा लोखंडी शेर उचलून तिनं त्याच्या कपाळात घातला.

दोघंही त्या दुपारी माझ्यासमोर बसले होते, एकमेकांकडं पाठ करून. त्याच्या कपाळाला टाके पडले. तिच्या कोपराची सालटं निघाली होती आणि मनगट सुजलं होतं. मी दोघांच्याही कागदावर 'साधी' लिहिलं, कारण दोन्ही साध्याच होत्या. दोघांनीही एकमेकांवर फिर्याद दिली.

गयाबाई मैलूरला गेली तेव्हाची गोष्ट मला गुरम्मांनी सांगितली. काशप्पांनी नेहमीसारखं अंगणात उभं राहून म्हटलं, "कसं मारलीस, दाखव." गयाबाई जागची हलली नाही.

"न्हाई, अप्पा. मी एकदा मारलं. दाखवायला म्हणून दुसऱ्यांदा मारणार न्हाई."

"मग मला कसं कळंल?"

"मारलेलं समद्यांनीच बघितलंय. ढकललेलं कुणी बघितलं न्हाई म्हणायलेत. ते बघा तुमी. तुमी नागनाथ व्हा, आन् ढकला मला."

काशप्पा पुढं झाले. हात उचलला. गुरम्मा दारातून बघत होत्या. काशप्पांचा हात तसाच राहिला, मग खाली आला. त्यांच्याच्यानं ते झालं नाही. ते ओसरीवर जाऊन बसले आणि बराच वेळ विभूती पुसून जाईस्तोवर कपाळ चोळत राहिले. मग म्हणाले, "तुझं मी घेतो."

घेणं सोपं नव्हतं. आडत दुकानाचा मालक काशप्पांच्याच समाजातला, बसवण्णांना मानणारा, लांबचा सोयराही. दोन वडीलधारे घरी आले. "काशप्पा, आपल्याच मानसाच्या इरोधात?" काशप्पा म्हणाले, "इरोधात कुठं? तिनं मारलं हे मी मान्यच करणार हाय. उरलेलं कोर्ट बघंल." त्यानंतर समाजातली माणसं खरेदीखतं करायला काशप्पांकडं आली नाहीत. गुरम्मांनी मला हे सांगितलं, काशप्पांनी कधीच नाही.

औरादच्या कोर्टात माझी साक्ष झाली त्याच दिवशी निकाल लागला. मॅजिस्ट्रेट म्हैसूरकडचे, तरुण, सरळ स्वभावाचे. मारामारीत दोन्ही बाजू दोषी ठरल्या की ते दोघांनाही शंभर रुपये दंड करतात, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. त्यांना तोच न्याय वाटायचा. नागनाथचा मालक तर पैसे खिशात घेऊनच आला होता. गयाबाईकडं ते नव्हते. न भरल्यास तुरुंग.

काशप्पांनी मला सकाळी व्हरांड्यात सांगितलं होतं, "नव्या कायद्यात शंभरपर्यंतच्या जुर्मान्याला अपील न्हाई. शंभर म्हंजे दार बंद. शंभरावर एक रुपया, की दार उघडं."

"दुसरा काहीच मार्ग नाही?"

"फेरतपासणीचा अर्ज हाय. पण तिथं कायद्याची चूक बघतात. हिचं गाऱ्हाणं कोण बघणार?"

मॅजिस्ट्रेटनी दोघांनाही दोषी धरलं आणि शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का, असं विचारलं. नागनाथच्या वकिलानं दया करा म्हणून सांगितलं. मग काशप्पा उठले.

"साहेब, माझ्या अशिलाचा दंड शंभराच्या वर ठेवावा, एवढीच विनंती आहे."

कारकुनाची लेखणी थांबली. मागं कोणीतरी फिसकन हसलं. मॅजिस्ट्रेटना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "कमी, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"न्हाई साहेब. वर. एक रुपया वर असला तरी पुरे."

मॅजिस्ट्रेटनी काशप्पांकडं पाहिलं, मग त्यांना ते उमगलं. त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी सरळ गयाबाईला विचारलं. त्यांची मराठी मोडकी होती, पण समजण्यासारखी. "तुमचे वकील काय मागतात, कळतं तुम्हाला?"

"कळतंय की. जादा दंड मागायलेत."

"आणि अपील हरलात तर जादा भरावा लागेल. नाहीतर तुरुंगात जावं लागेल."

"जाईन. मूग तर निघालाय आता."

"पण कशासाठी?"

"मला वर जाऊन सांगायचंय, त्यानं आदी ढकललं."

"ते तुम्ही इथंही सांगितलंत."

"सांगितलं की. पन तुमी लिवलं न्हाई."

मॅजिस्ट्रेट खाली बघून काहीतरी वाचत राहिले. वाचण्यासारखं तिथं काही नव्हतं. मग त्यांनी नागनाथला शंभर रुपये दंड सुनावला आणि गयाबाईला एकशे एक.

काशप्पांनी इतकं वाकून हात जोडले की मॅजिस्ट्रेट उठून आत गेले. बाजारात ते लगेच पसरलं. एकशे एक म्हणजे आहेराचा आकडा. लोक म्हणायला लागले, कोर्टानं चिंताकीच्या बाईला आहेर केला. नागनाथ तर हसून हसून सगळ्यांना सांगत होता. गयाबाई मात्र गंभीर होती. तिनं मला विचारलं, "बाई, वरचं कोर्ट बिदरलाच हाय न्हवं? जाऊन-येऊन एका दिसात व्हईल?"

अपील उभं राहिलं तेव्हा पुढची तीळ-ज्वारी निघून गेली होती. मी त्या दिवशी दुसऱ्या साक्षीसाठी बिदरला होते, म्हणून मागच्या बाकावर बसायला मिळालं. सेशन्स जज्ज वयस्क होते. त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, "मारलं हे तुम्ही मान्य करता. मग अपील कशाचं?"

काशप्पा म्हणाले, "साहेब, दोघांना एकच कलम आणि जवळपास एकच दंड. उद्या कोणी तो निकाल वाचला तर त्याला वाटेल, दोघांनी सारखंच केलं. ते सारखं नव्हतं."

मग ते बोलत राहिले. आवाज चढवला नाही. सांडलेला मूग, तिचं पडणं, माझ्या कागदावरचं सुजलेलं मनगट, एका माणसाचा दंड मालक भरतो आणि दुसरीचा तिचं रान भरतं, हे सगळं त्यांनी एकामागून एक मांडलं. जज्जसाहेब मधेमधे टिपण करत होते. ते जागे होते.

निकाल लागला त्या दिवशी मी नव्हते, पण नक्कल मिळाली त्या दिवशी होते. कोर्टाच्या व्हरांड्यात गयाबाई भिंतीला टेकून बसली होती आणि काशप्पा तिच्यासमोर धोतर सावरून, तसेच जमिनीवर. ते इंग्रजी वाचून एकेका वाक्याचं मराठी करत होते. मारल्याबद्दलचा दोष कायम. पण ते अचानक डिवचल्यामुळं घडलं असं ठरवून कलम हलकं केलं होतं, आणि दंड पंचवीस रुपयांवर आणला होता.

"म्हंजे मी मारलं, हे कायम?" गयाबाईनं विचारलं.

"कायम."

"बरं. ते खरंच हाय. आन् त्यानं आदी ढकललं, ते लिवलंय?"

"लिवलंय."

"कुठं?"

काशप्पांनी बोट ठेवलं. गयाबाईला मराठीही वाचता येत नव्हतं, तर इंग्रजी कुठलं. तिनं त्यांचं बोट बाजूला करून तिथं आपलं बोट ठेवलं. "हितं?"

"तिथंच. दोन ओळी हाईत."

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. मग तिनं विचारलं, "त्यो जातीवरनं बोलला, ते?"

काशप्पांनी चष्मा काढला. "ते न्हाई, बाई. साक्षीदार कुणी बोलला न्हाई. मी म्हणून बघितलं."

समोरच्या लिंबाखाली पक्षकारांची गर्दी होती, तिकडं ती बघत राहिली. मग पदराची गाठ सोडत उठली. "दंड कुठं भरायचा? दाखवा चला."

मी नंतर बिदरच्या जिल्हा दवाखान्यात बदलून आले. काशप्पा साठी ओलांडून गेले होते, धोतर जाऊन पायजमा आला होता, बाकी सगळं तेच. एका सकाळी त्यांना रिक्षातून घेऊन आले. ओठ फाटलेला, कोटावर रक्त, आणि मुठीत रुमालात बांधलेला स्वतःचा दात. बरोबर पोलीस.

मारणारा शंकर, मैलूरचाच गवंडी. वर्षभरापूर्वी त्याला एका मारामारीत शिक्षा झाली होती आणि तो काशप्पांकडं आला होता. अंगणात त्यानं खरं ते दाखवलं, आणि वर, मी मारलंच नाही असं अपिलात म्हणा, असा हट्ट धरला. काशप्पांनी नकार दिला. शंकर तुरुंगात बसून आला, तोवर त्याचं बांधकामाचं काम दुसऱ्यानं घेतलं होतं. मला खरं दाखवायला लावलं आणि मग हाकललं, हे त्याच्या डोक्यात बसलं. बसस्टँडसमोर त्यानं काशप्पांना गाठलं.

मी ओठाला टाके घातले. काशप्पांना बोलता येत नव्हतं तरी ते बोलत होते.

"डॉक्टरबाई, दात पडला म्हंजे गंभीर."

"हो, अप्पा. तुम्हाला सांगायला नको."

"गंभीर म्हंजे त्येला मोठं कलम लागतंय. माझी हिरडी बघा."

"बघितली."

"परत बघा. बाजूचे दात हलवून बघा. मी खोटं लिवा म्हणत न्हाई. जे हाय ते सगळं लिवा."

मी परत बघितलं. बाजूचे दोन्ही दात हलत होते. हिरड्या जुन्या आजारानं झिजल्या होत्या. तो दात आज ना उद्या भाकरीच्या घासालाही पडला असता. मी दोन्ही लिहिलं: मार लागून दात पडला, आणि हिरड्यांची अवस्था अशी. काशप्पांनी ते वाचलं आणि समाधानानं डोळे मिटले.

पण खालच्या कोर्टात कोणी हिरड्यांकडं पाहिलं नाही. ज्येष्ठ वकिलाला भररस्त्यात मारलं म्हणून बिदरचे सगळे वकील खवळले होते. शंकरसाठी कोणी उभं राहिलं नाही. काशप्पांची साक्ष झाली. त्यांनी घडलं तेवढंच सांगितलं. शंकरला गंभीर दुखापतीबद्दल एक वर्षाची कैद आणि मोठा दंड झाला, आणि तो कोर्टातूनच तुरुंगात गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको दोन लेकरं घेऊन काशप्पांच्या दारात येऊन बसली. मी काशप्पांच्या हिरड्या बघायला गेले होते. गुरम्मा संतापल्या होत्या. संतापातच त्यांनी लेकरांपुढं भाकरी-चटणी ठेवली होती. काशप्पा कोट चढवत होते.

"कुठं निघालाव?" गुरम्मांनी विचारलं.

"गुलबर्ग्याला. हितं कुणी वकील त्येचं अपील घेईना. तिथं माझा एक जुना ज्युनिअर हाय."

"ज्यानं तुमचं तोंड फोडलं, त्येच्यासाठी वकील हुडकायला?"

"मारलं म्हणून शिक्षा झाली, ती बरोबर हाय. पण वकिलाला मारलं म्हणून जादा झाली. तेवढी जादा झालेली काढायची हाय."

गुरम्मा माझ्याकडं वळल्या. "डॉक्टरबाई, ह्येंच्या डोक्याला मार लागलाय का, ते बघितलाव का तुमी?"

गुलबर्ग्याचा वकील आला. अपिलात तो माझ्या कागदातल्या हिरड्यांवर बराच वेळ बोलला. काशप्पा प्रेक्षकांत बसले होते. बिदरच्या वकिलांनी त्या काळात त्यांना चहाला हाक मारणं सोडलं होतं. जज्जसाहेबांनी दुखापत साधी धरली, भोगलेली कैद पुरे म्हटली, दंड बराच कमी केला आणि त्यातली निम्मी रक्कम मार खाणाऱ्याला भरपाई म्हणून द्यावी असा हुकूम केला. मार खाणारे, म्हणजे काशप्पा.

मला वाटलं, ते ती घेणार नाहीत. शंकरच्या बायकोनं मंगळसूत्राचे मणी विकून दंड भरला, हे साऱ्या मैलूरला माहीत होतं. पण काशप्पांनी रीतसर अर्ज केला आणि रक्कम घेतली. मला ते खटकलं, आणि मी तसं म्हटलंही.

"न घेऊन काय केलं असतं?" ते म्हणाले. "मी मोठा झालो असतो आन् तो जलमभर लहान. त्येनं मारलं, त्येचं त्येनं दिलं. आता आमचं काही बाकी न्हाई."

मला ते तेव्हा पूर्ण पटलं नाही. अजूनही कधी पटतं, कधी नाही. शंकर त्यांच्या घरी पुन्हा कधी आला नाही, माफीही मागितली नाही. पण मैलूरच्या रस्त्यावर समोरून आला की तो नजर चुकवायचा नाही. उभा राहून मान हलवायचा आणि पुढं जायचा. काशप्पाही तेवढीच मान हलवायचे.

मग माझी रायचूरला बदली झाली. गुरम्मा गेल्याचं पत्रातून कळलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा एका जुन्या खटल्यात साक्ष द्यायला मी बिदरला आले. सेशन्स कोर्टात शिरले तर शेवटच्या बाकावर, पक्षकारांच्या गर्दीत, काशप्पा बसलेले दिसले. अंगात कोट नव्हता. पांढरा सदरा, डोक्याला रुमाल. वकिली त्यांनी सोडली होती असं शिरस्तेदारांनी सांगितलं. "रोज येतात, बसतात, जातात. कुणाचं काही नसतं."

त्यांच्या शेजारी एक तरुण बाई होती, कुठल्यातरी खेड्यातली, मांडीवर झोपलेलं मूल. ती त्यांच्या ओळखीची नव्हती, हे बसण्यावरूनच कळत होतं. पुढं जज्जसाहेब आणि वकील इंग्रजीत बोलत होते, आणि काशप्पा किंचित तिच्याकडं झुकून हळू आवाजात काहीतरी सांगत होते. ती समोर बघत ऐकत होती. शिपायानं ओठांवर बोट ठेवून खुणावलं तसे ते गप्प झाले, हात जोडले, आणि शिपाई वळताच पुन्हा झुकले.

मी त्यांच्याकडं जायला निघाले, तेवढ्यात पुकारा झाला. त्या बाईचं नाव होतं. ती दचकून उठली. तिचा वकील अजून आला नव्हता. कुठं उभं राहायचं ते तिला कळेना. मूल खांद्यावर घेऊन ती इकडंतिकडं बघायला लागली. काशप्पांनी समोरच्या बाकाला धरलं, गुडघ्यावर हात ठेवला आणि सावकाश तेही उठून उभे राहिले.

बाजूच्या कोर्टातून माझ्या नावाचा पुकारा आला, म्हणून मला बाहेर पडावं लागलं. दारातून मागं वळून पाहिलं तेव्हा जज्जसाहेब विचारत होते, "आपण कोण?"

"कुणी न्हाई, साहेब," काशप्पा म्हणाले. "बाई एकटी हाय, म्हणून उभा राहिलोय."